ऐरोलीत आगबोटीच्या प्रवासाचं लहानसं संग्रहालय करतोय – आधी काय मांडावं?

दाभोळची_लेक (ऐरोली)

नमस्कार मंडळी,

ऐरोलीत आमच्या कोकणवासीयांच्या मंडळाला दोन खोल्या मिळाल्या आहेत. एक बऱ्यापैकी मोठी, दुसरी कोठीवजा. दोन्ही तळमजल्यावर, खाडीपासून फार लांब नाहीत. तिथे मुंबई–कोकण आगबोटीच्या प्रवासाचं संग्रहालय करायचं असं सगळ्यांच्या मते ठरलं आणि जबाबदारी माझ्यावर आली. मी शाळेत इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहे. वडील किनाऱ्यावरच्या बोटींवर आगवाला होते, म्हणजे बॉयलरच्या भट्टीत कोळसा घालणारे. त्यामुळे हे काम मला टाळता आलं नसतं आणि टाळायचंही नव्हतं.

आतापर्यंत जमलंय ते असं. वडिलांची नळी (खलाशाच्या नोकरीची नोंदवही). एका कुटुंबाने दिलेली पत्र्याची ट्रंक, झाकणावर मालकाचं नाव आणि खाली 'मु. पो. हर्णे' असं पांढऱ्या रंगात. भाऊच्या धक्क्यावरच्या हमालाचा पितळी बिल्ला. थोडी तिकिटं, त्यातली दोन एकमेकांना चिकटलेली. पडावाचं (किनाऱ्यावरून माणसं आगबोटीपर्यंत नेणाऱ्या होडीचं) एक वल्हं, ते खोलीत आडवंच ठेवावं लागतं. फोटो बरेच आहेत, पण बहुतेक धक्क्यावर हार घालून काढलेले. प्रवास चालू असतानाचे फारच थोडे.

नळीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त वेळ मी तिच्यापाशी घालवलाय. कापडी पाठीची वही आहे, कोपरे कसरीने खाल्लेले. प्रत्येक ओळीत बोटीचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, हुद्दा, आणि शेवटच्या रकान्यात कामाचा व वागणुकीचा शेरा. जवळजवळ सगळीकडे 'व्हेरी गुड'चा शिक्का, निळ्या शाईतला. मधल्या एका पानाला टाचणी आहे, ती गंजून कागदात रुतली आहे. पावसाळ्याचे महिने दर वर्षी रिकामे. किनाऱ्यावरची बोट बंद झाली की वडील घरी यायचे आणि भातलावणीला हात लावायचे. नारळी पौर्णिमा गेली की धक्क्यावरून निरोप यायचा. आमच्या घराचं वर्ष त्या रकान्यांवर चालायचं.

अडचण अशी की मंडळातल्या पुष्कळ जणांना आधी बोटीचं मोठं मॉडेल हवंय. काचेच्या पेटीत, दिव्यासकट. दुसरा गट म्हणतो, आगबोट म्हटलं की लोकांना 1947 मध्ये बुडालेली 'रामदास'च आठवते, तेव्हा दारातच 'रामदास' मांडा, गर्दी होईल. मला दोन्ही पटत नाही. माझ्या मते मांडायचा तो प्रवास. सकाळी मुंबईहून सुटलेली बोट दुसऱ्या दिवशी पणजीला पोचायची, पण मधल्या बहुतेक बंदरांत ती धक्क्याला लागतच नसे. दूर नांगर टाकायची. किनाऱ्यावरून पडाव निघायचा, हेलकावे खात बोटीच्या शिडीखाली यायचा. लाट वर आली की त्याच क्षणी वरचा खलाशी बखोटीला धरून माणसाला ओढून घ्यायचा, लाट खाली गेली की पुढच्याने थांबायचं. लहान मुलं हातोहात, आंब्याच्या पेट्या दोरीने, म्हाताऱ्या माणसांना दोघं खालून रेटायचे. उतरताना हेच उलट, आणि काही ठिकाणी पडावातून पुन्हा कमरेएवढ्या पाण्यात. दाभोळला उतरलेल्यांना चिपळूणला जायचं असेल तर पुढे वाशिष्ठीच्या खाडीतून गोवळकोटपर्यंत होडी. राजापूरकडचे लोक मुसाकाजीला उतरायचे. आज ऐरोलीतल्या मुलांना बोट म्हणजे फ्लेमिंगो बघायला जायची सहल एवढंच माहीत आहे. त्यांना ही शिडी दाखवायची आहे मला.

तर प्रश्न असे:

पहिल्या खोलीत काय असावं? कागद आणि पितळ या दमट हवेत टिकवायचं कसं, तेही मंडळाच्या पैशात? बोटींची, कंपन्यांची खात्रीची माहिती कुठे मिळेल? ऐकीव गोष्टी इतक्या आहेत की भिंतीवर काय लिहावं याची धास्ती वाटते. शिवाय डिझेलवर चालणाऱ्या नंतरच्या बोटी घ्यायच्या की वाफेवरच थांबायचं?

---

नौपाड्याचा_वाचक (ठाणे)

ताई, तुम्ही पडाव आणि शिडी धरून बसलात हे फार बरं केलंत. बोटीचं मॉडेल कुठल्याही संग्रहालयात बघायला मिळतं. त्या शिडीवरची धांदल मी तरी अजून कुठे मांडलेली पाहिली नाही.

माहितीसाठी ठाण्यातूनच सुरुवात करा. आपलं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून आहे. तिथे जुनी नियतकालिकं मागा आणि जाहिरातींची पानं बघा. बोटी कुठल्या वारी सुटतात, कुठल्या बंदरांना लागतात, पावसाळ्यानंतर कधी सुरू होतात, हे बातम्यांपेक्षा जाहिरातींत चांगलं सापडतं. मग मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्याचं पुराभिलेखागार. बंदरं, जकात, अपघातांच्या चौकश्या असे विषय धरून सूची चाळा. बंदरांच्या जुन्या वर्णनासाठी इंग्रज अमदानीतली गॅझेटियरं आहेतच. रत्नागिरी–सावंतवाडीचा खंड 1880 चा, ठाण्याचा 1882 चा, कुलाबा–जंजिऱ्याचा 1883 चा. शासनाच्या दर्शनिका विभागाने ती संकेतस्थळावर घातली आहेत, त्यामुळे घरबसल्या वाचता येतात. प्रत्येक बंदरात पाणी किती, वाळूची दांडी कुठे, मोठी बोट कुठवर येऊ शकते, हे त्यांत आहे. तुमच्या पडावाचं कारण तिथेच सापडेल: खाडीच्या तोंडाशी गाळ आणि दांडी, मोठ्या बोटीला आत यायला पाणी नाही, म्हणून बाहेर नांगर.

भिंतीवर निर्धास्त लिहिता येईल अशा काही गोष्टी देतो. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही वाफेची बोट मार्च 1830 मध्ये मुंबईहून सुएझला निघाली. भाऊचा धक्का लक्ष्मण हरिश्चंद्र ऊर्फ भाऊ अजिंक्य यांनी 1841 मध्ये बांधला; आजचा धक्का मूळ जागी नाही, एवढं मात्र त्यासोबत लिहा. शेफर्ड कंपनीच्या बोटी किनाऱ्यावर चालायच्या. त्यांचीच 'वैतरणा', विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला 'वीजळी' म्हणायचे, नोव्हेंबर 1888 मध्ये कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला येताना सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. स्वदेशीच्या काळात देशी भांडवलावर आगबोट कंपन्या निघाल्या. तिकडे तुतिकोरीनला चिदंबरम पिल्लै यांनी 1906 मध्ये काढली, इकडे कोकणात लोक आपल्या कंपनीला 'माझी आगबोट कंपनी' म्हणायचे. 'तुकाराम', 'रामदास' ही नावं त्या वातावरणातली. सिंदिया या देशी कंपनीची 'लॉयल्टी' 5 एप्रिल 1919 ला मुंबईहून लंडनला निघाली, म्हणून त्या दिवशी आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. पण ती लांब पल्ल्याची बोट. तिला तुमच्या खोलीत फार जागा देऊ नका.

बोटींच्या मोजमापांसाठी त्या जिथे बांधल्या तिथल्या गोदीचे कागद शोधा. 'रामदास' 1936 मध्ये इंग्लंडात टाइन नदीवर स्वान हंटरच्या गोदीत बांधली. त्या कंपनीचे कागद न्यूकॅसलच्या अभिलेखागारात आहेत आणि तिथले लोक पत्राला उत्तर देतात.

नळीतल्या नोंदी एका तक्त्यात उतरवून काढा. बोट, तारखा, हुद्दा. अशा दहा-वीस नळ्या जमल्या तर कुठली बोट कुठल्या वर्षी किनाऱ्यावर चालू होती याचा हाताशी पुरावा होईल. हे काम मोठ्या संस्थांनीही केलेलं मी पाहिलेलं नाही. हुद्दे मात्र आहेत तसेच लिहा: सारंग, तांडेल, सुकाणी, आगवाला, कोळसेवाला, तेलवाला, भंडारी. त्यांना 'कर्मचारी' करून टाकू नका.

डिझेलचं म्हणाल तर 'कोकणसेवक' आणि 'कोकणशक्ती' घ्या. आज ज्यांना हा प्रवास आठवतोय त्यांतल्या पुष्कळांनी त्याच बोटींतून केलाय. त्यांना दारात अडवून कसं चालेल? भट्टीच्या बोटी कुठे संपल्या तिथे एक स्पष्ट पाटी लावा म्हणजे झालं.

---

कोठीतली_कामं (वाशी)

मी एका संग्रहालयाच्या कोठीत कागदावर काम करते. थोडक्यात सांगते, ताई, पण यातलं काही पुढे ढकलू नका.

त्या चिकटलेल्या तिकिटांना हात लावू नका. वाफ देऊन सोडवायला जाल तर शाई जाईल. तशीच एका पाकिटात ठेवा आणि जाणकाराकडे न्या. गंजलेली टाचणी उपटायची नाही. तिच्या खाली आणि वर पातळ पॉलिएस्टरची पट्टी सरकवा म्हणजे कागद सुटा होईल, मग टाचणी हळूच सरकवून काढा. पहिल्यांदा करताय तर ते पानही जाणकाराकडेच.

कुठलाही कागद लॅमिनेट करायचा नाही. मंडळातलं कुणीतरी हौसेने म्हणेलच. ते परत निघत नाही. सेलोटेप नाही. डांबराच्या गोळ्या नाहीत. फोटो चिकट पानांच्या अल्बममधून काढा, पण जो चिकटला असेल तो ओढू नका.

तळमजला आणि खाडी म्हणजे पावसाळ्यात ओल येणारच. एक साधं आर्द्रतामापक घ्या आणि रोज दोनदा आकडा वहीत लिहा. सगळी खोली कोरडी ठेवणं तुम्हाला परवडणार नाही, म्हणून पेट्या कोरड्या ठेवा: घट्ट झाकणाच्या डब्यात आम्लमुक्त कागद आणि रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतात. कपाटं बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीपासून वीतभर वर घ्या. वाळवीसाठी दर महिन्याला मागची बाजू टॉर्चने बघा.

मूळ नळी कायमची प्रकाशात ठेवू नका. निळी शाई उडते. कागदाला 50 लक्सच्या वर उजेड नको, आणि ऐरोलीच्या खिडकीतलं ऊन याच्या कित्येक पट असतं. चांगली प्रत मांडा, मूळ डब्यात.

बिल्ल्याला चिंच, लिंबू, राख, बाजारातलं पॉलिश, काहीही लावू नका. मालकाने रोज घासून आकडा झिजवला असेल तर ती झीजच त्याच्या नोकरीची खूण आहे. सुती हातमोजे घालून उचला आणि कोरड्या मऊ कापडाने पुसा, बस्स. ट्रंकेवरचा रंगही पुन्हा मारून 'छान' करू नका.

सगळ्यात आधी नोंदवही. वस्तू आली की क्रमांक, तारीख, देणाऱ्याचं नाव, कुठल्या गावची, कुणी वापरली, कशी अवस्था. आणि दान की फक्त ठेवायला दिली, हे सही घेऊन. पुढे भावाभावांत वाद झाला की हाच कागद उपयोगी पडतो. मंडळ सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेलं आहे ना, तेही तपासा.

---

रेवस_बंदर (कोपरखैरणे)

ताई, 'रामदास' गर्दी जमवायला दारात नको, हे मला मान्य आहे. पण ती नकोच असं मनात असेल तर मी विरोध करीन.

आमच्या आजीचा भाऊ त्या बोटीत होता. 17 जुलै 1947, गटारीचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट. सणाला घरी जाणारी माणसं, खांद्यावर पोरं, पिशवीत गोडधोड. सातशेच्या आसपास लोक होते म्हणतात, सहाशेच्या वर गेले. पाऊस आणि वारा, पाणी आत येऊ लागलं, लोक एका बाजूला धावले आणि काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली. पावसासाठी बांधलेल्या ताडपत्रीखाली कितीतरी जण अडकले. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला दुपार उलटेपर्यंत पत्ताच नाही. जे वाचले त्यांतले पुष्कळ कोळ्यांच्या मचव्यांमुळे वाचले.

देश महिनाभरात स्वतंत्र झाला आणि ही गोष्ट मागे पडली. आमच्याकडे मागे पडली नाही. रेवस, अलिबागच्या कितीतरी घरांत गटारीला अजून गोड होत नाही. त्याआधी 11 नोव्हेंबर 1927 ला 'जयंती' आणि 'तुकाराम' एकाच दिवशी बुडाल्या होत्या. त्यांचं तर नावही कुणी घेत नाही.

तुम्ही ज्या शिडीबद्दल, ज्या गर्दीबद्दल लिहिलंत तीच गर्दी 'रामदास'वर होती. ते वेगळं काढताच येत नाही. रोजचा प्रवास दाखवायचा तर त्या रोजच्या प्रवासात धोका किती होता तेही दाखवा. बुडती बोट, वर उचललेले हात, असली चित्रं मात्र लावू नका. आजी ते बघू शकणार नाही आणि मला तिला तिथे आणायचं आहे.

एक सुचवतो. आजीसारख्या माणसांकडून माहिती घेताना 'तेव्हा कसं वाटलं' असं विचारू नका, ती गप्प होते. 'ट्रंकेत काय होतं', 'डेकवर सतरंजी कुठे टाकायचात', 'बोट लागून मळमळलं की काय चाखायचात' असं विचारा. परवा मी पिशवीबद्दल विचारलं तर ती अर्धा तास बोलली. तिच्या भावाने तिच्यासाठी बांगड्या घेतल्या होत्या, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

---

दाभोळची_लेक (ऐरोली)

तुम्हा सगळ्यांचं वाचून रात्री उशिरापर्यंत वहीत लिहीत बसले होते.

रेवस_बंदर, तुमचं म्हणणं मला पूर्ण पटलं. 'रामदास' असेल. शिडीच्या बाजूच्याच भिंतीवर, त्याच उंचीवर. तारीख, मार्ग, ताडपत्री, बिनतारी यंत्रणा नव्हती ही गोष्ट, आणि मचव्यांवरच्या कोळ्यांचं काम. सोबत 'जयंती', 'तुकाराम'. बुडण्याचं चित्र अजिबात नाही. गेलेल्यांची नावं मात्र त्यांच्या घरच्यांनी स्वतः सांगितली तरच लिहायची, वर्तमानपत्रातून उचलून नाही. आजींना केव्हाही आणा. त्या येणार त्या दिवशी मी खोलीत दुसऱ्या कुणाला बोलावणार नाही.

कोठीतली_कामं, तुमचा मजकूर छापून कपाटाच्या दारावर लावलाय. डांबराच्या गोळ्या आजच बाहेर काढल्या. चिकटलेली तिकिटं आणि टाचणीचं पान तुमच्याकडे घेऊन येऊ का? वाशीला यायला मला काहीच अडचण नाही. बिल्ल्याचं सांगितलंत ते बरं झालं, कारण मंडळातल्या एका हौशी गृहस्थांनी चिंच भिजत घातली होती. आता बिल्ला आहे तसाच राहील, अर्धा पुसलेला आकडा आणि दोऱ्यासाठीची दोन भोकं दिसतील अशा बेताने.

नौपाड्याचा_वाचक, नळीचा तक्ता करायला घेतलाय. वडिलांच्या हुद्द्यात 'कोळसेवाला'वरून 'आगवाला' कधी झालं हे मला कधी माहीतच नव्हतं. त्या ओळीवर बोट ठेवून बसले बराच वेळ. भट्टीसमोरून वर आले की त्यांच्या हातावरचे केस जळलेले असायचे, असं आई सांगायची. भट्टी मांडायला आमच्याकडे एक फावडंसुद्धा नाही. म्हणून त्या कोपऱ्यात वस्तू ठेवण्याऐवजी आवाज ठेवायचा विचार आहे: भट्टीखाली काम केलेल्या माणसांचं बोलणं, त्यांच्याच शब्दांत. अशी माणसं आता फार थोडी उरली आहेत, त्यामुळे हे काम सगळ्यात आधी.

मॉडेलवाल्यांना मी असं सांगितलंय की बोटीचं मॉडेल करण्याऐवजी शिडीचा खालचा भाग खराखुरा बांधू. पाच-सहा पायऱ्या, दोरीचा कठडा, खाली लाकडी फळी जरा वरखाली हलणारी, बाजूला ते वल्हं. मुलांनी फळीवर उभं राहून पायरी धरायची. ऐरोलीतला एक सुतार तयार झालाय. फळी किती हलावी याबद्दल त्याचं आणि माझं अजून एकमत नाही. त्याला मुलं पडतील ही काळजी, मला ती फार स्थिर वाटते.

आता मला हवंय ते असं. कुणाच्या घरी हर्णे, जयगड, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, वेंगुर्ले इथल्या पडावाचा फोटो असेल, पडाव माणसांनी भरलेला, तर स्कॅन द्या, मूळ तुमच्याकडेच राहू दे. कुणाकडे दुसरी नळी असेल तर मी घरी येऊन उतरवून घेईन. आणि तुमच्या ओळखीत कुणी पडावावर तांडेल (पडाव चालवणारा मुख्य खलाशी) असेल तर मला आजच कळवा. बोटीवरची माणसं सापडताहेत, पडाववाले अजून एकही नाहीत. रविवारी सकाळी मी खोलीवर असते. येण्याआधी इथे निरोप टाका, कारण किल्ली माझ्याकडेच आहे.